मोगरा की गुलाब? : प्रसंगानुरूप पुष्पगंधाची निवड

दिनचर्येतील दंतधावन, अंजन, नस्य, अभ्यंग व स्नान यांविषयी आपण रुग्णास जितक्या आवर्जून सांगतो, तितक्या आवर्जून गंधमाल्यधारणाविषयी सांगत नाही. वास्तविक चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या, मात्राशितीय अध्यायात गंध व माल्य यांच्या सेवनाचे फल स्वतंत्रपणे सांगितले आहे. वृष्यत्व, सौगंध्य, आयुष्य, पुष्टी, बल आणि मनाची प्रसन्नता ही ती फले होत. जे द्रव्य मनावर, शुक्रावर आणि बलावर परिणाम करते, ते केवळ हौसेचे द्रव्य मानून सोडून देणे शास्त्रास धरून नाही.

व्यवहारात हा विषय रुग्णच आपल्यापुढे आणतात. "वैद्यबुवा, मला मोगऱ्याचा वास फार आवडतो, पण गजरा माळला की डोके दुखते. मोगरा उष्ण असतो का?" किंवा "लग्नात कोणते अत्तर लावू, दम्याचा त्रास आहे," असे प्रश्न प्रत्येक चिकित्सकास परिचित आहेत. घराघरांत आढळणारे पुष्पगंध दोन : मोगरा आणि गुलाब. त्यांपैकी कोणता, केव्हा, कोणास व किती, याचा विचार या पाठात क्रमाने करू.

१. द्रव्यपरिचय

मोगरा म्हणजे जॅस्मिनम सॅम्बॅक. निघंटूंतील मल्लिका ही हीच वनस्पती असे बहुतेक अभ्यासक मानतात. भावप्रकाशाच्या पुष्पवर्गात मल्लिकेखेरीज वार्षिकी हेही नाव येते व तीही मोगऱ्याचाच प्रकार समजली जाते. जाई (जाती) व जुई (यूथिका) या याच कुलातील, पण भिन्न वनस्पती आहेत. जात्यादि तैल व जात्यादि घृत यांतील जाती म्हणजे मोगरा नव्हे, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

सुगंधासाठी वापरला जाणारा गुलाब म्हणजे रोझा डॅमॅसेना. भावप्रकाशातील शतपत्री (पर्याय तरुणी) ही गुलाबाशी जुळवली जाते. 'गुलाब' हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ 'फुलाचे पाणी' असा आहे. जे नाव आपण फुलास देतो ते मुळात अर्काचे आहे. 'गुलकंद' हा शब्दही त्याच भाषेतून आला. मावळातील हरितगृहांत पिकणारा लांब दांड्याचा गुलाब हा वेगळ्या संकराचा आहे. तो फुलदाणीत अधिक दिवस टिकावा या हेतूने निवडलेला असल्याने त्यास गंध जवळजवळ नसतो. गुलकंदास वा अर्कास तो घेऊ नये. सुगंधी देशी गुलाबाची लागवड राजस्थानात पुष्करच्या परिसरात व उत्तर प्रदेशात हसायनच्या परिसरात होते.

२. ग्रंथोक्त गुण आणि एक विरोधाभास

भावप्रकाशानुसार शतपत्री ही शीत, हृद्य, ग्राही, शुक्रल, लघु, वर्ण्य व पाचन असून तीनही दोष आणि रक्तदुष्टी यांचे शमन करणारी आहे. मल्लिका मात्र उष्ण, लघु, वृष्य व तिक्तकटु असून वातपित्त, मुखरोग, नेत्ररोग, कुष्ठ, अरुची, विष व व्रण यांवर उपयुक्त सांगितली आहे. वार्षिकी ही शीत सांगितली आहे.

येथे अभ्यासकाने थांबावयास हवे. मल्लिका उष्ण असेल, तर वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात ग्रीष्मासाठी कर्पूर, मल्लिकेच्या माळा व चंदन यांचा निर्देश का केला? ज्या ऋतूत उष्ण द्रव्यांचा निषेध, त्याच ऋतूत उष्णवीर्य पुष्पाची माला कशी?

या विरोधाचा परिहार असा करता येतो. निघंटूत सांगितलेले वीर्य हे द्रव्याचे आहे. ते द्रव्य कल्क, स्वरस, क्वाथ वा लेप या रूपाने शरीरात किंवा शरीरावर योजले असता ते कर्म घडते. माला धारण करताना द्रव्याचा अंश शरीरात जात नाही. तेथे कार्य करतात ते दोन भाव : ताज्या पुष्पांचा आर्द्र शीत स्पर्श आणि घ्राणेंद्रियाद्वारे मनास मिळणारा प्रसाद. शिवाय वाग्भटांनी मल्लिका एकटी सांगितलेली नाही, तर कर्पूर व चंदन यांच्या सहवासात सांगितली आहे. म्हणून "मोगरा उष्ण की शीत" या प्रश्नास एका शब्दात उत्तर नाही. "कोणत्या रूपात" हे प्रथम विचारावे लागते.

यावरून या पाठाचा पहिला सिद्धांत निघतो. गंधाच्या निवडीत द्रव्याचे वीर्य यांत्रिकपणे लावू नये. द्रव्य, रूप, मात्रा, काल, देश आणि धारण करणाऱ्याचे सात्म्य या सहाही गोष्टी एकत्र पाहाव्यात. पुढे प्रकृतीनुरूप जे सांगितले आहे ते अनुमान आहे, आप्तवचन नव्हे, हेही ध्यानात असावे.

३. दोन फुलांचा स्वभाव

गुलाब पहाटे खुडतात. सूर्य वर चढू लागला की त्याचा सुगंधांश उडू लागतो. खुडल्यानंतर नवा गंध फारसा निर्माण होत नाही, म्हणून फुले त्याच दिवशी भट्टीवर चढवावी लागतात. मोगऱ्याचे उलट आहे. कळी दिवसा खुडली तरी ती सायंकाळी उमलते व खुडल्यानंतरही गंध निर्माण करीत राहते. दुपारी ओवलेला गजरा रात्री अधिक घमघमतो तो यामुळेच. जुन्या काळी तिळांचे व मोगरा-चमेलीच्या फुलांचे थर एकावर एक रचून, फुले वारंवार बदलून, ते वासित तीळ घाण्यातून काढीत व 'फुलेल' तयार करीत. फुलाच्या या स्वभावाचाच तो उपयोग होता.

रासायनिक दृष्ट्याही भेद स्पष्ट आहे. गुलाबाच्या तेलात सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल व नेरॉल प्रमुख असतात. फेनिलइथाइल अल्कोहोल पाण्यात विरघळते, म्हणून ते अधिकतर गुलाबपाण्यात उतरते. मोगऱ्यात बेंझिल अॅसिटेट व लिनॅलूल यांच्याबरोबर इंडोल हे द्रव्य असते. इंडोल अल्प प्रमाणात फुलाचा गंध भरदार करते, पण दाट झाल्यास ते मळमळ उत्पन्न करणारे, कोंदट भासते. उघड्या अंगणात आल्हाद देणारा मोगरा बंद खोलीत काहींना असह्य का होतो, याचे एक कारण येथे सापडते.

थोडक्यात, गुलाबाचा गंध मृदू व शरीराजवळ राहणारा, तर मोगऱ्याचा गंध तीक्ष्ण व दूरवर पसरणारा आहे. गुलाब प्रभातीचा, मोगरा सायंकाळचा. प्रसंगाची निवड बव्हंशी या एका भेदावर उभी आहे.

४. अत्तर : निर्मिती व पारख

गंधशास्त्राची आपली परंपरा प्राचीन आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात राजाच्या उपभोगांत गंधभोगाचे वर्णन येते. गंगाधराचा गंधसार आणि मराठी टीकेसह उपलब्ध असलेला गंधवाद या ग्रंथांकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. गंधविद्येवर मराठीत टीका लिहिली गेली होती, ही गोष्ट मराठी वैद्यांना अभिमानाची वाटावी. गुलाबाच्या अत्तराविषयी जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याचे श्रेय नूरजहानची आई अस्मत बेगम हिला दिले आहे.

आजही कनौज येथे डेग-भपका पद्धतीने अत्तर निघते. तांब्याच्या डेगीत फुले व पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात जाते. भपक्यात चंदनतेल असते व तो पाण्यात बुडवून थंड ठेवतात. वाफेतील गंध चंदनतेलात मुरतो. दररोज नवी फुले घालून ही क्रिया अनेक दिवस चालते. म्हणजे परंपरागत गुलाबअत्तर हे केवळ गुलाब नसून गुलाब व चंदन यांचा योग आहे. शीतवीर्य चंदन हे त्याचे अधिष्ठान असते, ही बाब चिकित्सकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

चंदनतेल अतिशय महाग झाल्याने आज अनेक अत्तरांत त्याऐवजी लिक्विड पॅराफिन किंवा डायइथाइल थॅलेट यांसारखी द्रव्ये अधिष्ठान म्हणून वापरली जातात व गंधही बहुधा कृत्रिम असतो. पारखीसाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. एक किलो शुद्ध गुलाबतेलास (रूह गुलाब) सुमारे ३ ते ५ हजार किलो फुले लागतात. म्हणजे १० ग्रॅम तेलामागे ३० ते ५० किलो फुले झाली. शंभर रुपयांच्या कुपीवर 'शुद्ध रूह गुलाब' असे छापले असेल, तर आत काय नाही हे सांगावयास प्रयोगशाळा नको. रूह गुलाब थंडीत गोठते ही खूण खरी आहे, पण ती चंदनाधिष्ठित अत्तरास लागू पडत नाही. कागदावरच्या डागावरूनही खात्री होत नाही, कारण चंदनतेलही सावकाश उडते. निश्चित निर्णय गॅस क्रोमॅटोग्राफीनेच होतो.

हे सर्व सांगण्याचा हेतू असा की, रुग्ण "मला गुलाब सोसत नाही" म्हणतो तेव्हा त्यास गुलाब सोसत नाही की गुलाबाच्या नावाची कुपी सोसत नाही, हे चिकित्सकाने आधी ठरवावे. ताज्या देशी गुलाबाने त्रास होत नसेल आणि कुपीने होत असेल, तर दोष फुलाकडे नाही. मात्र 'नैसर्गिक' म्हणजे निर्दोष असेही नाही. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल व लिनॅलूल ही नैसर्गिक फुलांतील द्रव्येही काहींच्या त्वचेस बाधतात. युरोपीय संघाने २००३ मध्ये ज्या २६ गंधद्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक केले, त्यांत ही तिन्ही होती. २०२३ मध्ये ही यादी बरीच वाढविण्यात आली.

५. गंधाचा अतियोग

चरकसंहितेच्या तिस्रैषणीय अध्यायात इंद्रियार्थांचे अतियोग, अयोग व मिथ्यायोग सांगितले आहेत. अतितीक्ष्ण, उग्र गंधांचे अतिसेवन हा घ्राणाचा अतियोग होय. गंध सर्वथा न घेणे हा अयोग, तर कुजलेले, अमंगल, विषयुक्त गंध घेणे हा मिथ्यायोग. माधवनिदानात औषधिगंधज ज्वराची लक्षणे मूर्च्छा, शिरःशूल, वमन व शिंका अशी दिली आहेत. बंद सभागृहात अत्तरांच्या गर्दीत सापडलेल्या रुग्णाच्या तक्रारींशी ही लक्षणे ताडून पाहावीत. सुगंध हाही मात्रा ओलांडल्यावर हेतू होतो, हा येथील बोध आहे.

६. प्रसंगानुरूप निवड

(अ) चैत्रगौरीचे हळदीकुंकू. ग्रीष्माची चाहूल, पन्हे, आंब्याची डाळ, हातावर अत्तर आणि गुलाबदाणीतील शिंपण असा हा प्रसंग आहे. येथे केसांत मोगऱ्याचा गजरा आणि शिंपणास गुलाबपाणी ही जुनी वाटणी शास्त्रास धरून आहे. गजरा माळला असता पुन्हा मोगऱ्याचे अत्तर लावू नये. एकाच गंधाची द्विरुक्ती हाच अतियोग. मनगटावर अत्तर द्यावयाचेच तर गुलाबाचे द्यावे.

(आ) विवाह व स्वागतसमारंभ. उघड्या मांडवात, सायंकाळी, मोगरा शोभतो. वातानुकूलित बंद सभागृहात गुलाब निवडावा, कारण तेथे हवा फिरून तीच येते आणि शेकडो पाहुण्यांचे गंध त्यात मिसळतात. पाहुण्यांत वृद्ध, गर्भिणी व श्वासाचे रुग्ण असतातच.

(इ) कार्यालय, शाळा, लोकलगाडी. ज्यांना दूर सरकण्याची सोय नाही अशा लोकांमध्ये आपण असतो. आपल्या सुगंधाचा त्यांच्यावर भार पडू नये. गुलाबाचा लहानसा फाया कानाच्या वरच्या घडीत ठेवावा. मोगरा टाळावा.

(ई) देवपूजा. दोन्ही फुले ग्राह्य आहेत. वास घेतलेले फूल देवास वाहू नये हा घरोघरचा संकेत आहे. त्यामुळे पूजेच्या वेळी गंध दुरून, सहज येईल तेवढाच घेतला जातो, हा त्याचा आनुषंगिक लाभ.

(उ) शयनगृह. मल्लिका वृष्य व शतपत्री शुक्रल सांगितली असल्याने दोन्ही योग्य आहेत. खिडकी उघडी असल्यास मोगऱ्याची ओंजळभर फुले उशापासून दूर, ताटलीत ठेवावीत. दोघांपैकी एकास अर्धशिशीचा त्रास असल्यास गुलाब निवडावा. आवड एकाची आणि त्रास दुसऱ्याचा असे होऊ देऊ नये.

(ऊ) सूतिकागार. येथे दोन्ही वर्ज्य. नवजात बालक मातेच्या अंगगंधाने स्तन ओळखते. त्या गंधावर दुसरा गंध चढवू नये. भेटीस येणाऱ्यांनीही अत्तर लावून येऊ नये, असे घरच्यांस स्पष्ट सांगावे.

(ए) चिकित्सालय. वैद्याने स्वतः येथे कोणताही गंध लावू नये. चरकाचार्यांनी विमानस्थानात रुग्णाच्या शरीरातील प्राकृत-वैकृत गंध घ्राणाने परीक्षावेत असे सांगितले आहे. ज्याच्या मनगटावर मोगरा दरवळतो आहे, त्यास दुष्टव्रणाचा, मधुमेही रुग्णाच्या श्वासातील आम्ल-गोड किंवा मुखपाकाचा गंध कळणार कसा? उलट बाजूनेही सावधता हवी. इंद्रियस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, कारणावाचून अंगास नाना पुष्पांचा गंध येणाऱ्या रुग्णास 'पुष्पित' म्हटले असून ते अरिष्ट मानले आहे. त्या वर्णनातील मर्म 'कारणावाचून' या अटीत आहे. म्हणून गंधपरीक्षेपूर्वी रुग्णाने अत्तर, गजरा वा सुगंधी तेल वापरले आहे का, हे विचारलेच पाहिजे.

७. ऋतू व प्रकृती

ग्रीष्मात ताजा मोगरा मालारूपाने व गुलाबपाणी शिंपणरूपाने योजावे. वर्षाऋतूत वाग्भटांनी सुगंधधारण व धूपित वस्त्रे सांगितली आहेत. दमट हवेत गंध रेंगाळतो, म्हणून अत्तराची मात्रा निम्मी करावी आणि धूपनावर भर द्यावा. शरदात पित्तप्रकोपामुळे चंदन, उशीर व कर्पूर प्रशस्त सांगितले आहेत. चंदनाधिष्ठित खरे गुलाबअत्तर या ऋतूस सर्वांत अनुकूल. हेमंत-शिशिरात अगुरु व कुंकुम यांचा अधिकार मोठा, तेथे ही दोन्ही फुले दुय्यम ठरतात. वसंतात कफप्रकोप असतो व शिंका-प्रतिश्यायाचे रुग्ण वाढतात, तेव्हा नव्या गंधाचा प्रयोग करू नये.

पित्तप्रकृतीस गुलाब सामान्यतः अनुकूल. कफप्रकृतीस, जाड्य व तंद्रा असता, मोगऱ्याचा तीक्ष्ण गंध उत्साह देतो. वातप्रकृतीस मृदू गंध, अल्प मात्रा व स्निग्ध अधिष्ठान हितकर, म्हणून अत्तर चालते पण उडणाऱ्या फवाऱ्याचा भपकारा चालत नाही. तमकश्वास, अर्धशिशी, गर्भिणीचे छर्दी व प्रतिश्याय या अवस्थांत प्रकृतीपेक्षा व्याधी बलवान मानावा व दोन्ही गंध स्थगित करावेत.

घ्राणनाशाच्या रुग्णात गुलाबास विशेष स्थान आहे. २००९ मध्ये जर्मनीतील हुमेल व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या गंधप्रशिक्षण पद्धतीत गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी हे चार गंध सकाळ-सायंकाळ बारा आठवडे हुंगविण्यात आले होते. कोविड-१९ नंतर घ्राणशक्ती गमावलेल्या रुग्णांत ही पद्धती सर्वत्र वापरली गेली. घ्राणाच्या अयोगावर सम्यक् योगाने केलेली ही चिकित्साच म्हणावी लागेल.

८. धारणविधी

नवे अत्तर आणल्यावर कोपराच्या आतील बाजूस दिवसातून दोन वेळा, सात दिवस, एकाच ठिकाणी लावून पाहावे. कंडू, रक्तिमा वा पिडका उत्पन्न झाल्यास ते त्याज्य समजावे. अत्तर स्वच्छ, कोरड्या त्वचेवर टोकाएवढेच लावावे. क्षत, क्षौर केलेली त्वचा, नेत्र व नासापुट यांजवळ लावू नये. लहान मुलांच्या अंगावर अत्तर न लावता फार तर वस्त्राच्या टोकास लावावे. आपणास आपल्या गंधाची सवय लवकर होते व तो उणा वाटू लागतो, म्हणून स्वतःच्या नाकावर विसंबून मात्रा वाढवीत जाऊ नये.

सारांश

मोगरा हा मोकळ्या हवेचा, सायंकाळचा, ग्रीष्माचा व मालारूपाने धारण करावयाचा गंध आहे. गुलाब हा बंद जागेचा, दिवसाचा, शरदाचा व अल्प लेपरूपाने धारण करावयाचा गंध आहे. रुग्णशय्येजवळ, सूतिकागारात व चिकित्सालयात गंधरहितता हीच योग्य. वैद्यमित्रांनी आपापल्या रुग्णांत गंधसात्म्याची नोंद ठेवण्याचा प्रघात पाडावा. प्रश्नावलीत 'कोणता गंध सोसत नाही, कोणत्या रूपात' अशी एक ओळ वाढविली तरी पुष्कळ शिरःशूलांचे हेतू हाती लागतील, आणि निदानपरिवर्जन ही प्रथम चिकित्सा तेथेच सुरू होईल.

स्वाध्याय

१. मल्लिका उष्ण असूनही ग्रीष्मात मल्लिकामाला का सांगितली, याचे युक्तिपूर्वक विवेचन करा.
२. गजऱ्याने अर्धशिशी वाढणाऱ्या, परंतु देशी गुलाबाने त्रास न होणाऱ्या रुग्णेस विवाहप्रसंगासाठी कोणता सल्ला द्याल?
३. गंधपरीक्षेपूर्वी रुग्णास व स्वतःस विचारावयाचे प्रश्न लिहा.